लिझार्ड: जुन्या कोडमधला गुंता शोधून देणारं छोटं अवजार

लिझार्ड हे कमांड लाइनवर चालणारं एक लहानसं अवजार आहे. सोर्स कोडचं फोल्डर त्याच्या हवाली केलं की प्रत्येक फंक्शनमागे (फंक्शन म्हणजे कोडमधला एक ठरावीक काम करणारा तुकडा) एक ओळ छापून मिळते: फंक्शनात कोडच्या ओळी किती, त्यातून जाणाऱ्या वाटा किती, टोकन म्हणजे सुटे शब्द आणि चिन्हं किती, पॅरामीटर म्हणजे त्याला बाहेरून द्यायच्या किमती किती. टेरी यिन यांनी ते पायथॉनमध्ये लिहिलंय, एमआयटी परवाना आहे, पैसे पडत नाहीत. साखर कारखान्यांसाठी आम्ही जे सॉफ्टवेअर सांभाळतो त्यावर मी ते गेले काही हंगाम सातत्याने वापरतेय. ज्यांच्या गळ्यात दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड पडलाय, त्यांनी बाकी काहीही विकत घेण्याआधी हे चालवून बघावं असं माझं ठाम मत आहे. त्याच्या उणिवाही इथे लिहिते, कारण त्या माहीत नसल्या तर याच आकड्यांच्या नादी लागून कोड होता त्याहून वाईट करून ठेवता येतो.

आधी आमच्या कोडबद्दल सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. आमची चार माणसांची कंपनी कोल्हापूर-सांगली पट्ट्यातली. दोन-तीन कारखाने सोलापूरकडचे आहेत. ऊस नोंदीपासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंतचं सगळं आमच्याकडे. गाभा सी शार्पमध्ये, पानं जावास्क्रिप्टमध्ये, खाली एसक्यूएल सर्व्हर, आणि काट्यावरची वजनं ओढून आणणाऱ्या पायथॉनच्या काही स्क्रिप्ट. पंधराएक वर्षांत बऱ्याच हातांनी हा कोड लिहिला गेला आणि त्यातले बहुतेक हात आता पुण्याला किंवा बंगळूरला आहेत. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर कारखान्याचा फोन येतो की यंदाचा दर बदललाय, बिलात घ्या. दर लिहायला पाच मिनिटं लागत. त्यानंतरचे कित्येक दिवस आपण दुसरं काही मोडलं नाही ना, हे तपासण्यात जात. माझ्या लेखी कोड सांभाळायला अवघड असणं म्हणजे नेमकं हेच.

हे काम हलक्यात घेण्यासारखं नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्क्यांनी व्याज लागू होतं. बिल चुकलं की पहिला भुर्दंड त्या माणसाला, ज्याने वर्षभर ऊस सांभाळलाय.

लिझार्ड बसवायला पायथॉन हवं आणि पिपची एक आज्ञा. सर्व्हर उभा करायचा नाही, डेटाबेस नाही, कुठे खातं उघडायचं नाही. पण मला सर्वांत मोलाची वाटली ती वेगळीच गोष्ट: कोड बिल्ड व्हायची, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार व्हायची, गरज नाही. लिझार्ड फाइल उघडतं, टोकन वाचत जातं आणि मोजतं. आमचा जुना प्रकल्प बराच काळ ऑफिसातल्या एकाच मशीनवर बिल्ड होत असे, कारण रिपोर्ट छापण्याची एक जुनी लायब्ररी फक्त तिथेच बसवलेली होती. अशा कोडवर सोनारक्यूब, म्हणजे सर्व्हरवर चालणारं कोड-तपासणीचं मोठं अवजार, लावायचं तर डॉट नेटसाठीचा स्कॅनर बिल्डच्या आधी सुरू करून बिल्डनंतर संपवावा लागतो. म्हणजे बिल्ड धड नसेल तर विश्लेषणही नाही. जिथे कोडची तब्येत सर्वांत वाईट आहे तिथेच बिल्डही रडतखडत होत असतो, म्हणून ही अट मला फार जाचक वाटते. लिझार्डने माझ्या लॅपटॉपवर, चहा गाळून होईस्तोवर, सी शार्प, जावास्क्रिप्ट आणि पायथॉनमधल्या सगळ्या फाइल्सचा हिशेब मांडला.

आता तो वाटांचा आकडा. त्याला सीसीएन म्हणतात, सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी नंबर. थॉमस मॅककेब यांनी 1976 साली तो मांडला. फंक्शनचा आलेख काढायचा, त्यातल्या कडांमधून बिंदू वजा करायचे, त्यात दोन मिळवायचे. रोजच्या भाषेत सांगायचं तर एकपासून सुरुवात करा आणि प्रत्येक इफ, फॉर, व्हाइल, केस, कॅच, प्रश्नचिन्हवाली अट, तसंच अटींना जोडणारे प्रत्येक आणि-किंवा यांसाठी एकेक वाढवत जा. त्या फंक्शनची नीट परीक्षा घ्यायला साधारण तितक्या स्वतंत्र वाटा चालून बघाव्या लागतात. मॅककेब यांनी मर्यादा दहाची सुचवली होती. लिझार्ड मुळात पंधराच्या पुढे गेल्यावर इशारा देतं. कॅपिटल सी या पर्यायाने ती बदलता येते. मी आमच्याकडे पंधराच ठेवली आहे, कारण जुन्या कोडवर दहा लावली तर यादी इतकी लांबते की कुणी वाचत नाही.

पहिल्या खेपेला जे हाती आलं त्यात निम्मा कचरा होता. व्हिज्युअल स्टुडिओने स्वतः तयार केलेल्या डिझायनर फाइल्स, कुणीतरी प्रकल्पात टाकून ठेवलेल्या जावास्क्रिप्ट लायब्ररी, आणि एका ओळीत दाबून बसवलेला मिनिफाय केलेला कोड. एक्स या पर्यायाने ही फोल्डरं वगळली की यादी माणसात येते. हे सुरुवातीलाच करा. नाहीतर दुसऱ्यांच्या लायब्ररीतली फंक्शनं वर तरंगतात आणि 'कोड किती वाईट' अशी खोटी हाय खाऊन माणसं काम सोडून देतात.

कचरा काढल्यावर सर्वांत वर आलं ते एक एक्सेल निर्यातीचं फंक्शन, सीसीएन 71. त्याखाली बिलाचं फंक्शन, सीसीएन 58. आमच्याकडचा धाकटा प्रोग्रॅमर लगेच म्हणाला, "ताई, वरून सुरू करू या." मी त्याला थांबवलं. वजनकाटा गाडीचं वजन सांगतो, आत ऊस किती आणि पाचट किती हे सांगत नाही, तसंच या आकड्याचं आहे. त्याला आणखी एका माहितीची जोड लागते आणि ती गिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या, इतिहासात आधीच पडून असते: कोणती फाइल किती वेळा बदलली. लिझार्डचा निकाल सीएसव्हीत काढला, गिटमधून फाइलनिहाय बदलांची संख्या काढली, दोन्ही एका शीटमध्ये शेजारी लावली. एक्सेल निर्यातीची फाइल कित्येक वर्षांत कुणी उघडलेलीसुद्धा नव्हती. बिलाची फाइल दर हंगामात, आणि हंगामाच्या मध्यातही, पुन्हा पुन्हा बदललेली. जो गुंता कुणाच्या वाटेत येत नाही तो तसाच पडू दे. ज्यातून आपल्याला रोज चालायचंय तो सोडवायचा. ही सांगड लिझार्ड स्वतः घालून देत नाही, तुम्हाला घालावी लागते. पण तिच्याशिवाय लिझार्ड वापरणं म्हणजे अर्धंच काम.

बिलाच्या फंक्शनात काय होतं ते जरा तपशिलात लिहिते, कारण गुंता कमी करणं म्हणजे नेमकं काय हे त्यातूनच कळतं.

एफआरपी, म्हणजे केंद्र सरकार दर हंगामासाठी ठरवतं तो उसाचा रास्त व किफायतशीर दर, हा एका ठरावीक साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्याला, बांधलेला असतो. 2017-18 ला साडेनऊ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 255 रुपये होता. 2018-19 ला पायाच बदलला: दहा टक्क्यांना 275. 2021-22 ला दहा टक्क्यांनाच 290. 2022-23 ला पुन्हा पाया सरकला, सव्वादहा टक्क्यांना 305. पुढे 315, मग 340, आणि 2025-26 साठी 355. उतारा पायाच्या वर गेला की प्रत्येक 0.1 टक्क्याला ठरलेली वाढ, खाली आला की तेवढीच घट, पण साडेनऊच्या खाली गेलेल्या कारखान्यांसाठी घट तिथेच थांबते. 2024-25 ला ही वाढ-घट 3.32 रुपये होती आणि साडेनऊ किंवा त्याखालच्या उताऱ्याला 315 रुपये 10 पैसे.

ज्यांनी कोड लिहिला त्यांनी सरकारी परिपत्रक जसं वाचलं तसं उतरवलं. हंगाम अमुक असेल तर. त्यात उतारा पायाच्या वर असेल तर हे, खाली असेल तर ते, साडेनऊच्या खाली असेल तर तिसरंच. दर हंगामाला या तीन फांद्यांचा पूर्ण गठ्ठा नक्कल करून खाली चिकटवलेला. त्यात 2022 साली राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला मुभा दिली, तेव्हा प्रत्येक गठ्ठ्याच्या पोटात पहिला हप्ता की दुसरा अशी आणखी एक अट शिरली. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, पण अटी कोडमध्ये राहिल्या. कुणाची छाती होईना त्या काढायची. 58 हा आकडा असा वर्षावर्षाने चढत गेला. एकाही वर्षी कुणी अडाण्यासारखं काही केलं नव्हतं.

हे फंक्शन मी कागदावर घेऊन बसले. सोबत कारखान्याच्या शेती खात्यातले एक ज्येष्ठ कारकून होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मी एकेक दर वाचत होते आणि ते तोंडी हिशेब करत होते. मध्येच म्हणाले, "अहो ताई, हा साडेनऊचा दर वेगळा कशाला लिहिलाय? तो वरूनच निघतो की." आणि खरंच निघतो. सव्वादहा ते साडेनऊ म्हणजे 0.1 ची साडेसात पावलं. 3.32 गुणिले साडेसात बरोबर 24.90. 340 मधून वजा केले की 315.10. 2025-26 ला 355 मधून 3.46 गुणिले साडेसात म्हणजे 25.95 वजा केले की 329.05. 2021-22 ला दहा ते साडेनऊ पाच पावलं, वाढ-घट 2.90, म्हणजे 290 वजा 14.50, 275.50. सगळ्या हंगामांना जुळलं. ज्या तिसऱ्या फांदीला आम्ही स्वतंत्र नियम समजत होतो, ती त्याच सूत्राची एक टोकाची किंमत होती.

मग तिन्ही फांद्या गेल्या. उतारा आणि साडेनऊ यातला मोठा आकडा घ्यायचा, त्यातून पाया वजा करायचा, 0.1 ने भागायचं, वाढ-घटीने गुणायचं, मूळ दरात मिळवायचं. एक ओळ, एकही इफ नाही. हंगाम, पाया, मूळ दर, वाढ-घट या चार रकान्यांचा तक्ता डेटाबेसमध्ये गेला. 2025-26 चा दर आला तेव्हा तक्त्यात एक ओळ भरली आणि कोडला हात लावावा लागला नाही. उतारा साडेअकरा असलेल्या कारखान्याला 2024-25 मध्ये 340 अधिक साडेबारा गुणिले 3.32, म्हणजे क्विंटलमागे 381 रुपये 50 पैसे, हे आता काकासुद्धा तक्ता बघून पडताळू शकतात. पूर्वी त्यांना ते आमच्या शब्दावर मानावं लागायचं.

ही सुधारणा लिझार्डने केली नाही, हे मी मुद्दाम सांगते. त्याने फक्त 'इथे बघा' म्हटलं. नियम कळलेल्या माणसाशेजारी बसल्याशिवाय ती फांदी फालतू आहे हे कुठल्याही अवजाराला कळलं नसतं. पण त्या फंक्शनाकडे बोट दाखवायला हातात आकडा होता, म्हणूनच मला मालकांकडे हंगामाबाहेरचा वेळ मागता आला. 'कोड घाण आहे' म्हटलं की कुणी ऐकत नाही. 'दरवर्षी बदलणाऱ्या फाइलमध्ये 58 वाटा आहेत आणि त्यातल्या मोजक्याच तपासलेल्या आहेत' म्हटलं की ऐकतात.

बदल करण्याआधी आम्ही मागच्या हंगामांची खरी बिलं घेतली, जुन्या फंक्शनातून काढलेले आकडे जपून ठेवले आणि नव्या कोडचा प्रत्येक आकडा त्यांच्याशी पैशापैशाने ताडला. ज्या फंक्शनला टेस्ट नाहीत त्याला हात लावायचा हाच एक मार्ग मला माहीत आहे. इथेच एक विलक्षण गोष्ट सापडली. सोलापूरकडच्या एका कारखान्याचा उतारा साडेनऊच्या खाली होता. 2022-23 चा त्याचा दर 282.125 रुपये. बिलात तो 282.12 धरला होता आणि वर्षअखेरच्या अहवालात 282.13. सी शार्पमधलं राउंड, तुम्ही काही सांगितलं नाही तर, बरोबर मध्यावरचा आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतं. एसक्यूएल सर्व्हरमधलं राउंड तो वर नेतं. क्विंटलला एक पैसा, टनाला दहा पैसे. पुढच्या वर्षी दर 291.975 होता, तिथे वरचा अंकच सम येत असल्याने दोन्हीकडे 291.98 निघालं आणि फरक आपोआप नाहीसा झाला. म्हणून तो इतकी वर्षं सापडत नव्हता. काका हंगामभर अहवाल आणि बिलं हाताने जुळवायचे आणि त्या वर्षी ती का जुळत नाहीत याचं उत्तर त्यांना कुणी देऊ शकलं नव्हतं.

या दोषाचा सीसीएनशी काडीचा संबंध नाही. दोन्ही ठिकाणी एकही फांदी नव्हती, लिझार्डच्या दृष्टीने दोन्ही स्वच्छ. कोडमधला सर्वांत त्रासदायक गुंता पुष्कळदा असा दोन फाइल्सच्या मध्ये असतो आणि एकेक फंक्शन सुटं मोजणाऱ्या अवजाराला तो दिसूच शकत नाही. याला मी दोष म्हणत नाही, ही त्याची हद्द आहे. पण यादी हिरवी झाली म्हणजे कोड सुधारला असं ज्यांना वाटतं त्यांनी ही हद्द ध्यानात घ्यावी.

दुसरी अडचण मात्र आकड्यातच आहे. बारा महिन्यांची बारा केस असलेलं सरळ स्विच, म्हणजे अनेक पर्यायांतून एक निवडणारी रचना, घ्या. वाचायला अगदी सोपं, सीसीएन 13. आता एकात एक अशा चार इफ घ्या, प्रत्येकीत आतल्या बाजूला सरकत जाणारा कोड. सीसीएन फक्त 5. डोक्याला त्रास कशाचा जास्त होतो हे कुणीही सांगेल. सोनारक्यूब बनवणाऱ्या सोनारसोर्सच्या ॲन कॅम्पबेल यांनी मांडलेली कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी याच कारणासाठी आली: तिथे अख्खं स्विच एकच धरतात आणि खोलीनुसार दंड वाढतो, त्यामुळे स्विचला 1 आणि त्या चार इफांना एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार, म्हणजे 10. हे मोजमाप मला जास्त पटतं. लिझार्डमध्ये यावर अर्धा उपाय आहे. एम या पर्यायाने सगळं स्विच एक म्हणून मोजता येतं आणि एकात एक अडकलेल्या रचना मोजणारा एक विस्तारही सोबत येतो. मी दोन्ही लावून चालवते, पण नव्याने येणाऱ्या माणसाला हे पर्याय हुडकून काढावे लागतात आणि त्यांची माहिती फार त्रोटक आहे.

आणखी एका ठिकाणी सावध राहा. फंक्शन मोठं दिसलं की ते मधोमध कापून दोन करायचा मोह होतो. आमच्याकडे कपातींच्या फंक्शनचं असंच झालं. तुकडे केले, प्रत्येकाचा सीसीएन पंधराच्या खाली आला, इशारे गेले. पण एका तुकड्याला अकरा पॅरामीटर होते, त्यातले चार खरं-खोटं सांगणारे झेंडे. आधी एकाच जागी वाचायला मिळायचं ते आता पाच जागी शोधावं लागत होतं. लिझार्ड पॅरामीटरही मोजतं, पण इशारा द्यायची त्याची मूळ मर्यादा शंभर आहे. शंभर पॅरामीटरचं फंक्शन कोण लिहितो? ही मर्यादा असून नसल्यासारखी आहे. स्मॉल ए या पर्यायाने ती पाचवर आणा, म्हणजे चुकीच्या जागी घातलेली कात्री लगेच उघडी पडते. तसंच फंक्शनच्या लांबीची मूळ मर्यादा हजार ओळींची आहे. तीही कमी करून घ्या.

त्या कपाती शेवटी आम्ही पुन्हा एकत्र आणल्या. तोडणी-वाहतूक, विकास सोसायटीचं कर्ज, कारखान्याने दिलेलं बियाणं आणि खत, आणि बिलाची रक्कम कमी पडली तर कुणाचं आधी कापायचं याचा क्रम. हा गुंता व्यवहारातच आहे, कोडने निर्माण केलेला नाही. सरळ वरून खाली वाचता येईल अशा क्रमाने लिहिल्यावर त्या फंक्शनचा सीसीएन 19 राहिला आणि आम्ही तो राहू दिला. अशा वेळी फंक्शनात 'लिझार्ड फरगिव्ज' अशी टिप्पणी लिहिली की अवजार त्या फंक्शनला इशाऱ्यांतून वगळतं. ही सोय मला मनापासून आवडते. आमच्याकडे नियम असा की त्या टिप्पणीशेजारी कारण लिहायचं आणि कारण कारखान्याच्या माणसाला वाचून दाखवलं तर पटलं पाहिजे.

रोजच्या वापरात सर्वांत जास्त कामाला येतो तो आय हा पर्याय. त्याला एक संख्या द्यायची: इतके इशारे असले तरी चालेल, एक जरी वाढला तर चूक समजून थांब. आज जितके जुने इशारे आहेत तितकी संख्या लिहून आम्ही ते बिल्डला जोडलं. जुनं सगळं एका दमात सुधारायचा हट्ट नाही, पण नवा गुंता आत येणार नाही एवढी राखण झाली. एखादं जुनं फंक्शन सुधारलं की संख्या एकाने खाली आणायची. धाकट्या प्रोग्रॅमरला हे काम फार आवडतं. कोणती संख्या कधी कमी झाली हे तो कमिटच्या संदेशात आवर्जून लिहितो.

मग सोनारक्यूब घ्यायचंच नाही का? ज्यांचा बिल्ड धड आहे, सर्व्हर सांभाळायला माणूस आहे आणि वीस-तीस जण एकाच कोडवर काम करतात, त्यांनी जरूर घ्यावं. कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी मिळते, कालांतराने होणारा बदल आलेखात दिसतो, नेमकी कोणती ओळ आकडा वाढवते तेही दिसतं. लिझार्ड यातलं काही दाखवत नाही, फक्त तक्ता देतं. पण सोनारक्यूबची फुकट आवृत्ती मुख्य शाखेपलीकडे बघत नाही, म्हणजे नवा कोड मुख्य शाखेत मिसळण्याआधी (मर्ज करण्याआधी) कळायला हवं ते मर्ज झाल्यावर कळतं. व्हिज्युअल स्टुडिओतला मेंटेनेबिलिटी इंडेक्स, म्हणजे कोड सांभाळायला किती सोपा याचा गुणांक, मात्र मी कुणाला सुचवणार नाही. शंभरपैकी वीस किंवा त्याहून जास्त आलं की तो हिरवं दाखवतो, आणि ओळी, वाटा, चिन्हं सगळं एका सूत्रात घोटून जो एक आकडा येतो त्यावरून पुढे काय करायचं ते उमगत नाही. आमचं ते 58 चं फंक्शन ज्या क्लासमध्ये होतं, तो क्लास त्याच्या हिशेबाने हिरवा होता, कारण त्यात दोन-दोन ओळींची शेकडो प्रॉपर्टी फंक्शनं होती आणि त्यांच्या सरासरीत ते बुडून गेलं.

लिझार्डबद्दल माझी खरी तक्रार एकच उरते. आमच्या स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरमध्येच साठवलेला कोड, त्याने मोजल्या नाहीत. बिलाच्या धंद्यात अर्धी अक्कल तिथेच साठलेली असते. राउंडचा तो दोषही निम्मा तिथेच होता. शिवाय ते पूर्ण व्याकरण तपासत नाही, टोकनांवरून फंक्शन कुठे सुरू आणि कुठे संपलं हे ओळखतं. त्यामुळे अर्धवट लिहिलेली किंवा चुकीच्या कंसांची फाइल दिली की आकडे भलतेच येतात. बिल्ड होत नसला तरी चालेल, पण वाक्यरचना आणि कंस बरोबर असलेला कोड द्या, तर हा त्रास होत नाही.

स्टोअर्ड प्रोसिजरसाठी आम्ही यंदाचा गाळपाबाहेरचा काळ ठेवलाय. दराचं सूत्र प्रोसिजरमधून काढून सी शार्पमधल्या एकाच जागी आणायचं, राउंडचा नियम उघडपणे लिहायचा आणि अहवालाने तिथलाच आकडा वापरायचा. म्हणजे लिझार्डलाही ते मोजता येईल, आणि काकांना दोन कागद शेजारी ठेवून पैसे जुळवत बसावं लागणार नाही.